पीळ

गणेशखिंडीतून निघते तेव्हा मांडीवर बर्फाचा डबा असतो.
रिक्षावाला विचारतो, आइस्क्रीम का?
मी हो म्हणते.
जाताना रिकामा. येताना त्यात
कुणाच्या तरी पोटातली गाठ, नखाएवढी,
आमच्या प्रयोगशाळेसाठी.

डे-केअरच्या बाकावर गेनू उतेकर.
तापोळ्याच्या पलीकडचे,
लाँच चुकली की दिवस गेला, अशा गावचे.
काचेतून हौसाबाईंची बाटली बघत होते. पिवळसर पाणी.
"हे कशाचं?"
मी नाव सांगितलं, वीतभर लांब.
मग म्हटलं, मूळ झाडाचं आहे. नरक्याचं.

"आमचा नरक्या?"

ब्याण्णव-त्र्याण्णव साल. रात्री टेम्पो यायचा.
साल, खोड, मुळं, सगळं ओरबाडून किलोवर.
व्यापारी म्हणायचा, रंगाला जातं परदेशात.
किलोला सहा रुपये. त्यात हौसाची जोडवी झाली.
पण हाताचा वास तीन दिवस जायचा नाही,
राखेनं घासा, चिंचेनं घासा.
"ती म्हणायची, तिकडं ओट्यावर जेवा."
आजच्या बाटलीची पावती त्यांच्या खिशात होती.
ती त्यांनी बाहेर काढली नाही.

तुम्ही दोर वळता ना, मी विचारलं.
"वळायचो. घायपाताचा."
तसाच एक दोर पेशीच्या आत. दोन पदरी.
एकीच्या दोन व्हायचं तर पदर उकलायला हवेत,
आणि इकडे उकलावं तर पुढे पीळ चढतो,
चढत चढत गुंता होऊ बघतो.
तिथे एक कारागीर बसलेला असतो:
एक पदर कापतो,
पीळ गरकन फिरून सुटू देतो,
पुन्हा सांधतो. दोराला पत्ता नाही.
नरक्यातलं ते येतं
आणि कापल्या जागी पाचर होऊन बसतं.
कारागिराचा हात तिथेच अडकतो.
मागून नक्कल काढणारं यंत्र येतं धडधडत...
"दोर तुटतो," त्यांनी पुरं केलं.
तुटतो. ज्या पेशीला घाई जास्त, ती आधी मरते.

"आन् चांगल्या पेशी?"

घाई केसांच्या मुळांनाही असते, काका.
हाडातल्या मगजालाही.
काचेपलीकडे हौसाबाईंचा डोक्यावर गच्च बांधलेला रुमाल.
सुंभ जळतो, पीळ राहतो, म्हणतात.
इथे आधी पीळ धरायचा
आणि सुंभ जपायचा.
मी लायकी नसताना शहाण्यासारखं बोलत होते.

माझ्या बशीत सगळं सोपं असतं.
हळदीचा अर्क टाका, मरतात. कारल्याचा, कडुनिंबाचा.
खरं सांगू? व्हिनेगर टाकलं तरी मरतात.
मेहुणे दर रविवारी फॉरवर्ड पाठवतात, बघ, पुराव्यानिशी.
बशीला यकृत नसतं.
बशीला ओकारी येत नाही.
बशीला संध्याकाळची लाँच गाठायची नसते.
नरक्याच्या पाण्यातून या बाटलीपर्यंत यायला
किती वर्षं, किती उंदीर, किती माणसं लागली,
आणि तरीही डॉक्टर म्हणतात, बघू.

"झाडाला कशाला लागतं त्ये?"
किड्यांसाठी असेल. कुणी खाऊ नये म्हणून.
आपल्यासाठी नक्कीच नाही.
ते जरा वेळ गप्प.
"म्हंजे आपण किडंच की.
मुळासकट खाल्लं आमी."
आता रानात एखादं दिसलं तर दिसतं, म्हणाले.

मग उठले, आत गेले,
नळी हातात धरून हुंगली.
सिस्टर ओरडली, आजोबा!
हौसाबाईंनी विचारलं, काय?
"वास न्हाई येत," ते म्हणाले.

"मग इथंच बसा की," डोळे न उघडता.

वरून फोन आला, गाठ निघाली, लवकर या.
मी डबा उचलला.
बर्फ हलला, आत काहीच नसताना
भरल्यासारखा वाजला.